पाणी बघितलं होतं का?

देवगाव फाट्यावर अंगदचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड आणि पुढं चिंचेचं झाड. पाटी नव्हती आणि लागतही नव्हती. चारठाण्यापासून सेलूपर्यंत कुणाचा बोल्ट गंजला, कुणाचं बेअरिंग चिकटलं, की लोक म्हणायचे, "अंगदकडं न्या. मोडणार न्हाई." अडकलेली वस्तू न मोडता काढण्यातच त्याचं नाव झालं होतं. हातोडा तो सगळ्यात शेवटी उचलायचा, आणि उचलला तरी मधे लाकूड धरायचा. दुसऱ्या मिस्त्र्यांनी ठोकून फोडलेले भाग त्याच्याकडं यायचे तेव्हा तो गिऱ्हाइकासमोर मान हलवून हसायचा. त्या हसण्याची त्याला पुढं फार लाज वाटली.

ऑक्टोबरात, सोयाबीनची काढणी जोरात असताना, त्याला कुसुमबाईचा फोन आला. फाट्यापासून सात किलोमीटर आत तिचं गाव, आणि गावात तिची पिठाची गिरणी. गिरणी विजेवर चालायची, पण गावाला वीज देणारी डीपी जळाली होती आणि नवी यायला महिना लागेल असं लाईनमन सांगून गेला होता. म्हणून कुसुमबाईनं कोपऱ्यात पोत्यांखाली झाकून ठेवलेलं जुनं डिझेल इंजिन बाहेर काढलं होतं. ते सुरू व्हायचं, पण काळा धूर ओकायचं आणि पट्टा चढवला की दम सोडायचं.

कुसुमबाईचा मुलगा सिद्धोधन आणि अंगद दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. सिद्धोधन आता जिंतूरला एका ऑफिसात कारकून होता. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. गिरणी सासू आणि सून मिळून बघायच्या. सून सुकेशनी, माहेर पिंगळीचं, लग्नाला दोन वर्षं झालेली. बोलायला कमी, पण हाताला चटपटीत. त्या जड इंजिनाला हँडल मारायला ती चार दिवसांत शिकली होती. गावातल्या बायका दळण घेऊन आल्या की मुद्दाम थांबून तिचं हँडल मारणं बघायच्या.

अंगदनं इंजिनाचा आवाज ऐकूनच ओळखलं. नोझल गेलं होतं. इंजिनाच्या वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, बसवलेला हा बोटाएवढा भाग आत डिझेलची बारीक फवारणी सोडतो. जुनं काढायचं, नवं बसवायचं, अर्ध्या तासाचं काम. पण इंजिन सात-आठ वर्षं पडून होतं. काजळीनं नोझल असं धरून ठेवलं होतं की दोन्ही नट काढले तरी ते जागचं हलेना.

अशा वेळी काय करायचं ते अंगदला पाठ होतं. कडेनं डिझेल सोडायचं. इंजिन थोडं गरम करून पुन्हा सोडायचं. केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचं. आणि थांबायचं. दुपारपर्यंत थांबायचं, नाहीच आलं तर उद्या यायचं.

पण त्या दिवशी फाट्यावर एक हार्वेस्टर बंद पडून उभं होतं आणि त्याचा मालक दर पाच मिनिटांनी फोन करत होता. "निघालात का मिस्त्री? माणसं बसून हायत." चौथ्या फोननंतर अंगदनं नोझलखाली टॉमीची लोखंडी दांडी घातली आणि अंगाचा भार दिला.

कट्ट असा आवाज झाला. नोझल हातात आलं. त्याला टोक नव्हतं.

टोक म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं, पण पोलादाचं. अंगदनं भोकात चुंबक घालून बघितलं, खाली जमिनीवर बघितलं. जमिनीवर पिठाचा थर होता, त्यात काय दिसणार? तुकडा आत पडला असेल तर हेड उघडून काढायला हवा होता, म्हणजे तीन तास. बाहेर उडाला असेल तर काहीच करायला नको. बाहेर उडाला असेल असं म्हणता येत होतं. त्यानं मनाशी तसं म्हटलं.

"झालं का भाऊ?" सुकेशनीनं मागून विचारलं. ती मोबाईलचा उजेड धरून उभी होती.

"झालं," अंगद म्हणाला, आणि मोडकं नोझल चिंध्यात गुंडाळून पिशवीत टाकलं.

नवं बसवलं. इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं, धूर गेला. कुसुमबाई खूश झाली. अंगद क्षणभर कान देऊन उभा राहिला. मग पाचवा फोन आला आणि तो गेला.

तिसऱ्या दिवशी सुकेशनीनं फोन केला. "भाऊ, इंजिनात बारीक टकटक वाजायलंय."

"नवीन नोझल हाय वहिनी. बसंल दोन दिसांत."

"बंद ठेऊ का तवर?"

"कशाला? चालू द्या."

पाचव्या दिवशी इंजिन चालता चालता एकदम जाम झालं.

अंगद पोचला तेव्हा गिरणीत सात-आठ बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या. कुसुमबाई पोत्यावर बसली होती. सुकेशनी भिंतीला पाठ लावून उभी, हातावर, भुवयांवर पीठ. अंगदनं इंजिनावर तळहात ठेवला. ते नुसतं कोमट होतं. पाणी नसताना चालून जाम झालेल्या इंजिनाला तासभर हात लावता येत नाही, आणि हे बंद पडून अर्धा तासही झाला नव्हता.

इंजिन थंड ठेवायला शेजारी पाण्याचं पिंप होतं, त्यातलं पाणी रबरी नळीतून इंजिनाभोवती फिरायचं. पिंप रिकामं होतं. नळी निसटून खाली लोंबत होती आणि खालची जमीन ओलीचिंब होती. इंजिन हिसक्यानं थांबलं, त्या हिसक्यानं नळी सुटली आणि पाणी वाहून गेलं. अंगदला हे एका नजरेत कळलं. म्हणजे पाणी होतं. म्हणजे जाम व्हायचं कारण दुसरंच होतं, आणि ते कारण ज्वारीच्या दाण्याएवढं होतं.

सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याच्या तोंडून गेलं, "पाणी बघितलं होतं का, सुरू करताना?"

तो नुसता प्रश्न होता. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला, की आपण नुसतं विचारलं.

"बघितलं होतं," सुकेशनी म्हणाली. "काठापर्यंत होतं."

"मंग गेलं कुठं?" कुसुमबाई उठली. "पिंप ठणठणीत कोरडं हाय! रोज सांगती, पाणी बघ, पाणी बघ. मोबाईलात डोकं घालून बसायचं, मंग काय दिसंल?"

"आत्याबाई, खरंच होतं."

"मिस्त्री काय खुळा हाय का?"

सुकेशनी अंगदकडं वळली. "भाऊ, तुमी सांगा. पाण्यामुळंच झालं का हे?"

अंगदनं फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते. "उघडल्याबिगर काय सांगावं?" तो म्हणाला.

बायकांमधली एक हळूच दुसरीला म्हणाली, "मिस्त्री भला माणूस हाय. तोंडावर कसं बोलंल?"

कुसुमबाई वाईट बाई नव्हती. पण नवरा गेल्यावर या गिरणीवर तिनं पोरगा शिकवला होता, आणि ते इंजिन बंद पडलेलं तिला बघवत नव्हतं. तिनं तिथूनच पिंगळीला सुनेच्या वडिलांना फोन लावला. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या लेकीनं इंजिन जाळलं आमचं."

अंगद म्हणाला, "मावशी, मी उघडतो. मजुरी नको मला."

"अरे, असं कसं?"

"राहू द्या. सिद्धोधन दोस्त हाय माझा."

गावभर त्याची वाहवा झाली. खरी गोष्ट अशी होती की दुसऱ्या कुठल्याही मिस्त्र्यानं ते इंजिन उघडलं असतं तर त्याला पहिल्या नजरेत कळलं असतं. म्हणून ते अंगदलाच उघडायचं होतं.

दोन दिवसांनी त्यानं हेड काढलं. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्या लायनरमध्ये तो अर्ध्या वाटेवर घट्ट बसला होता. पिस्टनच्या माथ्यावर बारीक बारीक चकचकीत खड्डे पडले होते, जणू कुणी सुईनं टोचत बसलं होतं. तुकडा दिसत नव्हता. तो पिस्टन आणि लायनरच्या मधे शिरून पाचरीसारखा बसला असणार.

सिद्धोधननं सेलूच्या एका वर्कशॉपात विचारलं होतं. ते म्हणाले, पिस्टन फोडून काढा, नवा टाका. पण ही कंपनीच बंद पडून वर्षं झाली होती. अंगदनं परभणी, जालना, नांदेड सगळीकडं फोन फिरवले. या मापाचा पिस्टन नाही, लायनर नाही. फुटलं की इंजिन भंगारात. म्हणजे काढायचं तर अख्खंच काढायला हवं होतं.

सुकेशनी चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच वाकून बघू लागली. "हे खड्डे कशाचे हो भाऊ?"

"काजळीचे."

"काजळीनं लोखंडाला खड्डे पडतेत?"

अंगदनं तिच्या हातातून कप घेतला. "चहा लय बेस झालाय," तो म्हणाला. ती आणखी थोडा वेळ खड्ड्यांकडं बघत राहिली आणि आत गेली.

त्यानं डिझेल आणि ऑइल एकत्र करून पिस्टनच्या माथ्यावर ओतलं. ते कडेनं झिरपत खाली जायला हवं. याला घाई चालत नाही. रोज सकाळी यायचं, मुरलेलं बघायचं, नवं ओतायचं, लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके टोले द्यायचे आणि निघून जायचं. हे सगळं त्याला त्या पहिल्या दिवशीही येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो टोले देत असताना दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. सुकेशनीचे वडील आश्रुबा. रेल्वेत गँगमन म्हणून तीस वर्षं रुळांवर काम करून निवृत्त झालेले. पिंगळीहून पहाटे निघून दोन गाड्या बदलून आले होते. ते लगेच गिरणीच्या आत आले नाहीत. ओट्याच्या कडेला बसले. कुसुमबाई समोर आली तसे हात जोडून उठले.

"जय भीम, ताई. लेकरू हाय. चुकलं. पदरात घ्या."

"बसा, बसा," कुसुमबाई जरा नरमली. "आता या मिस्त्रीच्या हातात हाय सगळं. बिनमजुरीचं करायलाय."

आश्रुबा अंगदजवळ आले. त्याचा तेलानं काळा झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे दगडासारखे टणक होते. "मिस्त्री, लय उपकार झाले तुमचे. माझ्या पोरीची चूक तुमी पदरमोड करून निस्तरायलात."

"तसं काही न्हाई, काका," अंगद म्हणाला. हात सोडवून घ्यावा असं त्याला वाटत होतं, पण ते सोडत नव्हते.

मागच्या घरात सुकेशनी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मधेच थांबला होता. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पुन्हा ओट्यावर जाऊन बसलेल्या वडिलांपाशी वाकून हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आश्रुबांनी मान हलवली आणि तेवढ्याच हळू आवाजात तिला गप केलं. जेवायचा आग्रह झाला, पण ते थांबले नाहीत. जाताना त्यांनी लेकीकडं बघितलंही नाही. अंगदच्या सदऱ्याच्या बाहीवर हात सोडताना त्यांच्या तळव्यांना लागलेलं तेल पुसलं गेलं होतं. त्या डागाकडं बघत त्यानं पुन्हा ठोकळा उचलला.

बोलायचं असतं तर तेव्हा बोलायला हवं होतं. दुपारी जेवताना बोलू, असं त्यानं ठरवलं. जेवताना कुसुमबाईनं त्याच्या ताटात तिसरी भाकरी वाढली आणि सुनेला म्हणाली, "बघ, परका माणूस राबायलाय तुझ्यापायी." संध्याकाळी सिद्धोधन आल्यावर सांगू, असं मग ठरवलं. सिद्धोधन आला, त्यानं खांद्यावर हात टाकला. "अंगद्या, तू हाईस म्हणून, नाहीतर घरात लय कटकट झाली असती. ती अजून म्हणती पाणी होतं. मी म्हणलं, मान्य कर आणि विषय मिटव."

अंगद म्हणाला, "उद्या येतो." आणि फटफटी काढली.

असे दिवस गेले. डिझेल मुरत होतं, टोल्यांचा आवाज बदलत होता. आधी दगडावर मारल्यासारखा ठस्स, मग जरा पोकळ. जाम होऊन आठवा दिवस होता तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास पिस्टन हलला. वर नाही, खाली. अंगदला तेच हवं होतं. अडकलेलं आधी उलट्या दिशेला सोडवायचं, पाचर सैल होते. तो केसभर खाली गेला, तशी अंगदनं लायनरच्या वरच्या कडेची काजळी पत्तीनं खरवडून काढली, खालच्या खिडकीतून कनेक्टिंग रॉड सोडवला आणि बाभळीचं लाकूड खालून लावून पिस्टन वर रेटायला सुरुवात केली. एक बोट वर, अर्धं बोट खाली. पुन्हा ऑइल. पुन्हा एक बोट वर. अंगात सदरा भिजून चिकटला. दोन तास त्यानं मान वर केली नाही. बाराच्या पुढं पिस्टन लायनरच्या बाहेर आला आणि त्याच्या दोन्ही हातांत बसला. कुठंही चीर नव्हती, कडा उडाली नव्हती. लायनरला एक ओरखडा होता, नखाला जेमतेम लागेल एवढा.

पिस्टनच्या बगलेत, वरच्या रिंगेच्या जरा वर, एका खाचेत तो दाणा बसला होता.

अंगदनं दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. त्यानं नखानं दाणा उचकटला आणि खिशात टाकला.

इतकं सोपं होतं ते. आता ते इंजिन कुणीही बघितलं असतं तरी चाललं असतं.

"निघालं?" सुकेशनी परातभर पीठ घेऊन दारात उभी होती. "भाऊ, निघालं? न मोडता?" आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला. "आत्याबाई! निघालं!"

कुसुमबाई धावत आली, मागून गिरणी कधी सुरू होणार ते विचारायला आलेल्या दोघी. कुसुमबाईनं पिस्टनवरून लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवला. "बघा गं. न मोडता काढला माझ्या अंगदानं. सेलूवाले म्हणत होते, फोडा." मग ती सुनेकडं वळली. "उभी काय राहिलीस? हात जोड त्यांला."

सुकेशनीनं परात खाली ठेवली. पदराला हात पुसले. आणि खरोखर हात जोडले. "भाऊ," ती म्हणाली, "माझ्यामुळं तुमाला लय..."

"वहिनी, नका." अंगद मागं सरला तशी त्याची टाच ऑइलच्या घमेल्यावर बसली, घमेलं कलंडलं आणि ऑइल त्याच्या पायावरून वाहिलं. "हात नका जोडू. पाणी होतं."

कुणालाच कळलं नाही. "काय होतं?" कुसुमबाईनं विचारलं.

"पिंपात पाणी होतं, मावशी. वहिनीची चूक न्हाई." त्यानं खिशातून दाणा काढून पुढं धरला. "नोझल बसवायला आलो तवा हे माझ्या हातनं मोडलं. घाईत टॉमी लावली. तुकडा आत पडला. त्यानं इंजिन जाम झालं. नळी नंतर सुटली, त्यानं पाणी सांडलं. जमीन ओली होती, मी बघितली होती."

"म्हंजी तुला ठाव होतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"पहिल्या दिसापासून."

त्या दोघी बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुसुमबाई त्याच्या तळहातावरच्या त्या दाण्याकडं बघत राहिली.

सुकेशनी पोत्यावर बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. जमिनीकडं बघत बोलू लागली.

"पहिल्या दिवशी मला पक्कं आठवायचं. पाणी काठापर्यंत होतं आणि त्यावर लिंबाचं एक पान तरंगत होतं. मंग सगळे म्हणायले न्हाई, पाणी नव्हतंच. बायका गिरणी सुरू झाली का बघायला यायच्या आणि मला पाणी बघितलं का म्हणून इचारून हसायच्या. चार दिवसांनी मला वाटायलं, ते पान आदल्या दिवसाचं असंल. काल मी ह्यांना म्हणलं, माझंच चुकलं, मी बघितलंच नसंल." तिनं मान वर केली. "मला स्वतःचं खरं वाटंना झालं, भाऊ. डोळ्यानं बघितलेलं."

अंगद मार खायला तयार होता, शिव्या खायला तयार होता. याला तो तयार नव्हता. "माफ करा" एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि ते त्यालाच फालतू वाटले.

"मला सांगून काय हुतंय?" सुकेशनी म्हणाली. "माझ्या बाबांला सांगा. त्यांनी हात जोडले तुमाला. फोनवर नका सांगू. जाऊन सांगा."

"जातो. आत्ता जातो."

"आदी इंजिन जोडा," कुसुमबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मिस्त्री, काम पुरं करून द्या."

दहा वर्षांचा असल्यापासून अंगद त्या घरी जात होता. कुसुमबाईनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

ओरखडा बारीक पॉलिश पेपरनं घासून, रिंगा साफ करून, सगळं जोडायला पुढचा दीड दिवस गेला. सुकेशनी सगळा वेळ शेजारी उभी होती. प्रत्येक भागाचं नाव विचारायची, तो कुठं बसतो, का बसतो ते विचारायची, आणि उत्तर मिळालं की पुढचं. त्यापलीकडं एक शब्द नाही. एकदा तो नट उलटा लावत होता, तेव्हा तिनं नुसतं बोट दाखवलं. चहा आला नाही. गिरणीचं विचारायला येणाऱ्या प्रत्येक बाईला कुसुमबाई त्याच्यासमोरच सांगत होती, "सुनेची चूक नव्हती. मिस्त्रीची होती. आणि माझी, मी ऐकून घेतलं न्हाई." ते सांगताना तिची मान खाली जायची आणि अंगदचीही.

हँडल सुकेशनीनंच मारलं. इंजिन सुरू झालं, स्वच्छ, एका लयीत. अंगदनं हत्यारं पिशवीत भरली. सिद्धोधन त्या दिवशी सुट्टी घेऊन घरीच होता. तो दारापर्यंतही आला नाही.

रविवारी अंगद पिंगळीला गेला. स्टेशनच्या मागं आश्रुबांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते अंगणात बाजेवर बसून ज्वारीचं बी निवडत होते. अंगदला बघताच सूप बाजूला ठेवून उठले.

"या, या मिस्त्री! वाट कशी वाकडी केली? इंजिन निघालं म्हणं, सिद्धोधनरावांचा फोन होता परवा." शेजारच्या घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो, हे बघा, ते मिस्त्री! म्हणलं न्हाई का मी, देवमाणूस हाय म्हणून?"

म्हणजे घरच्यांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सुकेशनीनं ते अंगदसाठीच ठेवलं होतं.

तो बाजेवर बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. शेजारचा माणूस कुंपणाजवळ येऊन उभा राहिला होता, त्याच्या देखत सांगितलं. घाई, टॉमी, तुकडा, कोमट इंजिन, ओली जमीन, आणि त्यानं विचारलेला प्रश्न. "तुमी माझा हात धरला तवाबी मला सगळं ठाव होतं, काका," तो म्हणाला.

शेजारी निघून गेला. आश्रुबांनी बाजेवर बसून सूप पुढं ओढलं.

"तिनं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी ओट्यावर बसलो होतो तवा. पाणी द्यायला आली आणि कानात म्हणली, बाबा, पाणी होतं, मी डोळ्यानं बघितलंय. मी म्हणलो, गप बस." त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं रुळावर गेली माझी. साहेबानं इचारलं तर जे बघितलं तेच सांगायचं, कुणी किती बी दटावलं तरी. हे पोरीला मीच शिकवलं. आणि मीच गप बस म्हणलो. तिची सासू समोर उभी होती म्हणून."

अंगद म्हणाला, "तुमचा काही दोष न्हाई त्यात."

"ते तुमी नका सांगू मला."

त्यांनी बाजेच्या उशाखालून मोबाईल काढला. चष्म्याशिवाय आकडे दिसेनात आणि चष्मा त्यांच्या मुठीत तसाच होता. त्यांनी मोबाईल अंगदपुढं धरला. "लावा तिला."

अंगदनं लावून दिला. पलीकडून "हॅलो, बाबा?" असं स्पष्ट ऐकू आलं. मागं गिरणीचा आवाज होता. आश्रुबांनी फोन कानाला लावला. "बाबा? बोला ना. आवाज येतोय का?"

अंगद अंगणातून बाहेर पडून फटफटीजवळ जाऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं. निघून जावं की थांबावं, त्याला समजेना. निरोप न घेता जाणं बरं दिसलं नसतं, आणि थांबणं तर त्याहून वाईट. कुंपणापलीकडून तुटक शब्द ऐकू येत होते. "तुझं न्हाई गं... न्हाई... मी ऐकायला पायजे होतं..." स्टेशनात पॅसेंजर आली आणि गेली.

शेवटी आश्रुबा फाटकाशी आले. फोन हातातच होता, चालू. डोळे लाल झाले होते.

"अजून हाईत का तुमी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर अंगदला थोडं सोपं गेलं असतं.

"व्हय, काका."

"जा आता," ते म्हणाले. "आमचं बोलणं व्हायचंय अजून."

आणि फाटक लावून घेऊन ते आत गेले.